आबांचे गुडघे आणि म्हशीचे ९० हजार

आमच्या आबांचं वय ७१. तरुणपण तालमीत गेलं, पुढचं शेतात. दोन्ही गुडघे झिजलेत, जोतिबाच्या पायऱ्या सुटून चार वर्षं झाली. रंकाळ्यावर त्यांच्या हातात कुणीतरी पत्रक ठेवलं: ‘ऑपरेशन न करता गुडघे पूर्ववत, मोफत तपासणी शिबिर.’

राजारामपुरीतल्या हॉलमध्ये पांढऱ्या कोटातल्या माणसानं एक्स-रे वर धरून सांगितलं, “आबा, मूलपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून शरीरातल्या बाकीच्या पेशी बनतात त्या स्टेम सेल, सोडल्या की कूर्चा, म्हणजे सांध्यातली गादी, परत भरते. तीन इंजेक्शनं, ९० हजार. उद्यापासून सव्वा लाख.” आबांनी दावणीची म्हैस विकली. मी अडवलं नाही, हे मला अजून खातंय.

माझ्यासमोर दंडातून रक्त काढलं, नळ्या मशीनमध्ये दहा-पंधरा मिनिटं फिरवल्या. वर पिवळसर पाणी तरंगलं. “ह्याच तुमच्या मूलपेशी,” म्हणत ते गुडघ्यात टोचलं. तिसऱ्या इंजेक्शननंतर गुडघा टम्म सुजला. फोन लावला तर बंद, हॉलला कुलूप.

मग हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. वर्णन ऐकूनच ते म्हणाले, “हे पीआरपी. रक्तातल्या प्लेटलेट्स. याला मूलपेशी म्हणणं धादांत खोटं.” पीआरपी देणारे प्रामाणिक डॉक्टरही आहेत. पण २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात गुडघेदुखीच्या २८८ रुग्णांवर चाचणी झाली. निम्म्यांना पीआरपी, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. वर्षभरानं ना दुखण्यात म्हणावा असा फरक, ना कूर्चेत. हे त्या हॉलमध्ये कोण सांगणार?

आणि खऱ्या मूलपेशींचं म्हणाल, तर २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे मंजुरी नसलेला उपचार फक्त चाचणी म्हणूनच देता येतो, आणि चाचणीतल्या रुग्णाकडून त्याचे पैसे घेता येत नाहीत. एवढं एक ठाऊक असतं तर म्हैस दावणीला असती.

म्हणून कळकळीनं सांगतो. सुई टोचण्याआधी सिरिंजमध्ये काय आहे ते लिहून घ्या. डॉक्टरांचा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारा. छापील बिल मागा. आमच्याकडे वहीतून फाडलेली चिठ्ठी आहे, त्यावर ना नाव, ना शिक्का. वकिलांनी पहिल्यांदा तेच मागितलं.

त्या दिवशी रांगेत आमच्यासारखी पंचवीसेक माणसं होती, बहुतेक गडहिंग्लज-कागलकडची. तुम्ही त्यांपैकी असाल तर पत्रक, चिठ्ठी, मोबाईलवरचे मेसेज काही पुसू नका. जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. आमचा अर्ज तयार होतोय.