बडोदा ते सॅन फ्रान्सिस्को: विमानाचं अंतर आणि वेळ सांगणारं अ‍ॅप, दिवाळीपासून वापरून झाल्यावर

अंतरासाठी या अ‍ॅपवर डोळे मिटून भरवसा ठेवा, तासांसाठी मात्र नको. लेक सॅन फ्रान्सिस्कोला, आम्ही बडोद्यात दांडिया बाजारात, आणि सासूबाईंना एकदा नातीचं घर दाखवायचंय. त्यांनी ऐंशी ओलांडली आहे, गुडघे धरतात, म्हणून तास न् तास मोजणं आलं.

दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को टाकलं की सुमारे 12,400 किलोमीटर आणि पावणेचौदा तास असं उत्तर येतं. अंतर चोख आहे, कारण ते पृथ्वीच्या गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग धरून काढलेलं असतं. भिंतीवरच्या नकाशात अमेरिका युरोपच्या पलीकडे दिसते. ह्यांनी लेकीच्या शाळेच्या दिवसांतल्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहिला, तर तो हिमालय, सैबेरिया, आर्क्टिक महासागर आणि अलास्का असा गेला. सासूबाई कितीतरी वेळ त्या दोऱ्यावर बोट फिरवत होत्या.

तासांचा आकडा म्हणजे त्याच अंतराला ताशी 900 किलोमीटरने दिलेला भागाकार. विमान दोऱ्यावरून जात नाही. केबिनमधला दाब गेला तर त्याला तातडीने 10,000 फुटांपर्यंत खाली यावं लागतं, आणि तिबेटचं पठारच त्याहून उंच आहे; म्हणून वैमानिक ते टाळतात. हवाई हद्दी बंद होतात ते वेगळंच. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना हद्द बंद केली आणि दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या फेऱ्या लांबल्या. वाऱ्याचा हिशेब तर अ‍ॅपमध्ये नाहीच. ऑक्टोबर 2016 मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. अंतर वाढून 15,300 किलोमीटर झालं, तरी पाठीशी वारा असल्यामुळे साडेचौदा तासांत पोचलं, आधीपेक्षा जवळजवळ दोन तास लवकर! मुंबई–लंडनला जाताना वेळ जास्त लागतो, येताना कमी. अ‍ॅप दोन्हीकडे एकच आकडा दाखवतं. मला ही त्याची सर्वांत मोठी उणीव वाटते.

दुसरी अडचण आपल्या गावाची. बडोद्याहून अमेरिकेला थेट विमान नाही. इथल्या हरणी विमानतळावरून दिल्ली, नाहीतर एक्सप्रेसवेने अहमदाबाद, नाहीतर रात्रीच्या गाडीने मुंबई. त्यावर तीन तास आधी पोचणं, मधला थांबा, इमिग्रेशनची रांग. घराच्या दारापासून लेकीच्या दारापर्यंत एक अख्खा दिवस आणि वर काही तास धरायला हवेत. हे सगळं मी वहीत वेगळं मांडते.

दोन्ही गावांची घड्याळं शेजारी दाखवण्याची सोय मात्र फार कामाची. हिवाळ्यात साडेतेरा तासांचा फरक असतो, मार्चमध्ये त्यांची घड्याळं पुढे गेली की साडेबारा. अ‍ॅप तो आपोआप बदलतं. तिकिटावर पहाटे 4 ला निघून त्याच तारखेला सकाळी साडेसहाला पोचणार असं वाचून सासूबाई म्हणाल्या, “अगं, अडीच तासांत अमेरिका?” दोन घड्याळं दाखवल्यावर त्यांनी साडेबारा तासांचा फरक धरून स्वतः बोटांवर मोजून पंधरा तास काढले.

जाहिराती खूप आहेत, त्या सोसाव्या लागतात. तिकीट काढायच्या आधी फ्लाइटरडार24 या विमानांचा माग दाखवणाऱ्या साइटवर त्याच फेरीच्या मागच्या काही दिवसांच्या खऱ्या वेळा जरूर बघा. आम्ही त्या बघूनच दिल्लीत एक रात्र मुक्काम ठेवलाय आणि व्हीलचेअर तिकिटासोबतच सांगून ठेवलीय.