खारट हवेत आठ महिने: १०० मिमी मॅक्रोचा अनुभव

बेटावर वर्षभर राहायचं ठरलं तेव्हा ज्याने त्याने एकच सल्ला दिला: मोठी टेलिफोटो, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स, घे. मी घेतली १०० मिमीची मॅक्रो, म्हणजे बारीकसारीक गोष्टी अगदी जवळून टिपायची लेन्स, एफ २.८ (एफचा आकडा जितका मोठा तितकं प्रकाश आत घेणारं छिद्र, म्हणजे ॲपर्चर, बारीक). जड लेन्स गळ्यात अडकवून रोज फिरायला जाणं माझ्याच्याने होणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. आता आठ महिने झालेत. समुद्री गरुडाचा एकही धड फोटो माझ्याकडे नाही. पायाखाली जे काही चालतं त्याचे मात्र ढीगभर आहेत. आणि तक्रारी आहेत त्या लेन्सपेक्षा इथल्या हवेबद्दल जास्त.

आधी लेन्सचं सांगते. एकास एक, म्हणजे जीव जेवढा आहे तेवढाच कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या सेन्सरवर उमटणार. त्यासाठी तो सेन्सरपासून साधारण ३० सेंटिमीटरवर यावा लागतो. त्यातून कॅमेरा आणि लेन्सची लांबी वजा केली की पुढच्या काचेपासून वीतभरही अंतर उरत नाही. हुड, म्हणजे आडवं ऊन अडवणारं पुढचं नळकांडं, लावलं तर त्याची सावली थेट खेकड्याच्या डोक्यावर, म्हणून ते पहिल्या आठवड्यापासून पिशवीतच आहे. एवढ्या जवळून एफ ११ ठेवलं तरी फोकसमध्ये येतो तो जेमतेम सव्वा मिलिमीटरचा पापुद्रा. मुंगीचे डोळे मिळाले तर पोट गेलं. ॲपर्चर आणखी बारीक केलं की डिफ्रॅक्शनने, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने, सगळंच चित्र मऊ पडतं, त्यामुळे मी एफ १६ च्या पुढे जात नाही. ऑटोफोकस इतक्या जवळ नुसता घुटमळतो. फोकसची रिंग एका जागी ठरवून ठेवायची आणि आपणच श्वास रोखून बोटभर पुढे-मागे डुलायचं, हेच जमतं. लांबून बघणाऱ्याला काय वाटत असेल ते वाटो. हाताची थरथर सावरणाऱ्या स्टॅबिलायझरचं म्हणाल तर एकास एकला तो नावापुरता.

खरं तर पूर्ण एकास एक मी फार कमी वापरते. जास्तीत जास्त फोटो एकास तीन-चारच्या, म्हणजे सेन्सरवर जीव तिसरा-चौथा हिस्सा उमटतो त्याच्या, आसपासचे, आणि तिथे ही लेन्स फार सुखाची आहे.

वाळूच्या वरच्या अंगाला, मर्यादवेल पसरते तिथे, शंखात राहणारे खेकडे फिरतात. तुमची सावली पडली की शंख टपकन बंद. मग दोन-तीन मिनिटं काहीच नाही. आधी लालसर नांगी दारासारखी हलते, मग मिशा, मग काड्यांवरचे डोळे. यातली पहिली हालचाल टिपायची तर आधीपासून पालथं पडून राहावं लागतं, कोपर वाळूत रुतवून. रिकामे शंख गोळा करून आणू नका, एवढं मात्र हात जोडून सांगते. त्यांना वाढताना मोठं घर लागतं आणि ते किनाऱ्यावरच शोधावं लागतं.

ओहोटीला ओल्या वाळूवर वाटाण्याहून लहान खेकडे काम करत असतात. वाळू तोंडात घालतात, त्यातलं खाण्याजोगं काढून घेतात आणि उरलेल्याची गोळी करून मागे टाकतात. बिळाभोवती गोळ्यांच्या रांगा किरणांसारख्या पसरत जातात. पुढच्या भरतीला सगळं साफ. हा फोटो उभ्याने छान येतो असं वाटतं, पण नाही. लेन्स जमिनीला टेकवली की समोरची गोळी डोंगराएवढी दिसते आणि तिच्यामागे तो कामगार.

माझी आवडती मात्र निवटी, चिखलात राहणारा मासा. तिवरांच्या चिखलात पाण्याबाहेर बसलेली, फुगीर डोळे डोक्यावर. मधेच एक डोळा खोबणीत आत ओढून घेते, ओला करते आणि पुन्हा वर काढते. एक डोळा वर, एक गायब, अशी फ्रेम मिळायला मला अकरा सकाळी लागल्या. इथे १०० मिमी कमी पडते, १५० किंवा १८० मिमी असती तर जरा लांबूनच टिपता आलं असतं. पण दुसऱ्या आठवड्यात तीच निवटी मला सोकावली आणि हातभर अंतरावर बसून राहू लागली, तेव्हा हीही तक्रार अर्धीच.

प्रकाशाचा वेगळाच वैताग. विषुववृत्ताजवळ सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो. क्षितिजापासून सहा अंश वर असल्यापासून मावळेपर्यंत जेमतेम २४ मिनिटं. ज्याला सोनेरी वेळ म्हणतात ती इथे चप्पल झटकेपर्यंत संपते. दुपारचं ऊन डोक्यावर, सावल्या काळ्याकुट्ट. मी लहान फ्लॅशवर दुधी प्लॅस्टिकचा पडदा लावते आणि सकाळीच काम उरकते.

आता हवा. एसी खोलीतून बाहेर पडलं की काचेवर घाम फुटतो. तो पुसत बसू नका, परत येतो. कॅमेरा बंद पिशवीत ठेवून अर्धा-पाऊण तास बाहेर राहू द्यायचा. मी शेवटी कॅमेऱ्याचा मुक्कामच बिनएसी खोलीत हलवला. समुद्राचे तुषार वाळले की काचेवर मिठाचे कण उरतात. कोरड्या फडक्याने घासले तर कोटिंगवर ओरखडे. आधी फुंकणीने उडवायचे, मग गोड्या पाण्यात किंचित ओला केलेला कपडा.

तिसऱ्या महिन्यात माझ्या जुन्या १८-५५ मिमीच्या साध्या लेन्सला बुरशी धरली. टॉर्च तिरका मारला तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. ती कापडी पिशवीत कपाटात पडून होती, सोबत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या, त्या कधीच ओल्या झालेल्या. मॅक्रो वाचली, कारण ती रबरी कडेच्या हवाबंद डब्यात होती. त्यात आर्द्रतामापक ठेवलाय, काटा ४० ते ५० टक्क्यांत असला की मी निवांत. डब्यातल्या सिलिका जेलचे नारिंगी दाणे ओलीने हिरवे पडले की मंद आचेवर परतून पुन्हा नारिंगी करायचे. त्यासाठी वेगळं भांडं ठेवा, स्वयंपाकाचं नको.

लेन्सला सील आहे असं खोक्यावर लिहिलंय. पाऊस तिने सोसला. बारीक वाळू नाही सोसली. फोकस रिंग फिरवली की सहाव्या महिन्यापासून करकर आवाज येतो. फोटोत काही फरक नाही, पण प्रत्येक वेळी माझ्या दाढा शिवशिवतात.

पक्षी टिपायचे असतील तर ही घेऊ नका. गुडघे दुखत असतील तरीही विचार करा, कारण हिच्यासाठी दिवसातून वीस वेळा खाली बसावं लागतं. माझी पुढच्या बोटीने सफाईला पाठवायची आहे. पण चार दिवसांवर अमावास्या आहे, पाणी लांबपर्यंत ओसरेल. तेवढी ओहोटी होऊ दे.