गाडीच्या टच-अप पेंटची बाटली, दहा महिन्यांनंतर: रंग चांगला, ब्रश फेकून द्या

काल दुपारी बाटलीचं झाकण फिरवलं तर हातात नुसतं झाकण आलं. ब्रश दांडीसकट आतच राहिला, रंगात बुडालेला. चिमट्याने ओढून काढला आणि टाकून दिला. बरेच दिवस लिहीन म्हणत होतो, आज लिहूनच टाकतो.

गाडी 2019 ची हॅचबॅक, रंग सिल्व्हर-ग्रे मेटॅलिक. घर नाशिकला इंदिरानगरात, नोकरी सिन्नरला. म्हणजे रोज जाऊन-येऊन पुणे रोड आणि मोहदरीचा घाट. खडीच्या डंपरवर ताडपत्री असलीच तर अर्धी, आणि 2027 च्या सिंहस्थाची कामं निघाल्यापासून डंपर आणखी वाढलेत. गेल्या जूनमध्ये टॉर्च आडवा धरून बॉनेट बघितलं, तेव्हा रंगाचे एकोणीस टवके उडालेले मोजले.

वर्कशॉपने बॉनेटला नव्याने रंग मारायचे 4,800 रुपये सांगितले. विम्याचा क्लेम करा म्हणाले. इंजिन 1500 सीसीच्या आतलं, त्यामुळे 1000 रुपये तसेही माझ्या खिशातून जाणार. वर 50 टक्क्यांवर आलेला नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्यावर येणार. पाच वर्षं एक पैशाचा क्लेम न करता जमवलेला बोनस तिळाएवढ्या टवक्यांसाठी घालवायला मी तयार नव्हतो. म्हणून 650 रुपयांचा सेट मागवला: एक बाटली रंगाची, एक क्लिअर कोटची, म्हणजे वरच्या पारदर्शक थराची. कंपनीचं नाव लिहीत नाही. नंतर मित्राकडची दुसऱ्या कंपनीची बाटलीही बघितली, झाकणात तसलाच ब्रश.

आता त्या ब्रशबद्दल. टवका तिळाएवढा आणि ब्रशचा झुबका ज्वारीच्या दाण्याएवढा. कंपनीतून आलेल्या गाडीचा रंग, रंगाखालच्या प्रायमरपासून क्लिअर कोटपर्यंत सगळे थर धरून, साधारण 100 ते 120 मायक्रॉन असतो, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग. एवढ्याशा खड्ड्यात हा ब्रश टेकवला की रंग आत कमी आणि कडेवर जास्त बसतो. मग खड्ड्याच्या जागी फोड येतो. त्या फोडाची सावली पडते, त्यामुळे पाच फुटांवरून टवका दिसत नव्हता पण दुरुस्ती दिसायला लागली. रंग बनवणाऱ्याने एवढी मेहनत घ्यायची आणि झाकणात नेलपॉलिशचा ब्रश घालायचा, याचा मला आजही राग येतो.

जुलैत उघडीप बघून पहिल्यांदा काम केलं. रंग बरा बसला, पण क्लिअर कोट अर्ध्या तासात दुधाळ झाला. मी लगेच एक स्टार देऊन मोकळा झालो. ते चुकलं होतं. पावसाळी हवेत थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर धरते आणि क्लिअर कोट पांढरा पडतो. बाटलीचा त्यात दोष नव्हता. तोच क्लिअर कोट नोव्हेंबरच्या कोरड्या दुपारी काचेसारखा बसला. स्टार वाढवून चार केले आहेत, पाचवा ब्रशने खाल्ला.

खरा धक्का दसऱ्याला बसला. पूजेसाठी गाडी धुतली, झेंडूची माळ बांधायला वाकलो, तर बॉनेटच्या पुढच्या कडेवर दुरुस्त केलेल्या दोन टवक्यांभोवती तपकिरी कडं. नखाने टोकरलं तर रंगाची टिकली अख्खी निघाली आणि खाली गंज. कस्टमर केअरला फोन केला. तीन दिवस फोटो पाठवत होतो. शेवटी उत्तर आलं की उघड्या पत्र्यावर आधी प्रायमर लावायला हवा होता. हे खोक्यावर नाही, माहितीच्या कागदावर नाही. कागदावर चार चित्रं: पुसा, हलवा, लावा, वाळवा. मी विचारलं, मग प्रायमरची तिसरी बाटली का देत नाही? त्यावर अजून उत्तर आलेलं नाही. पैसे परत मागितले नव्हते, एक ओळ छापा एवढंच म्हणणं होतं.

सिडकोत एक डेंटिंग-पेंटिंगवाले काका आहेत, त्यांच्याकडे गेलो. वाटलं होतं, बॉनेट मारून घ्या म्हणतील. त्यांनी टवक्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "भाऊ, आधी बुड बघायचं. बुड करडं, मळकट दिसलं तर प्रायमर शाबूत आहे, सरळ रंग भरा. चकाकलं तर पत्रा उघडा पडलाय. तिथं प्रायमरशिवाय रंग टिकत नाही." मग टॉर्च लावून बघितलं. एकोणीसपैकी सहा टवक्यांचं बुड चकाकत होतं. घरी बसून जे चार महिने कळलं नाही ते काकांनी दोन मिनिटांत सांगितलं आणि पैसे घेतले नाहीत.

दिवाळीनंतर सगळं पुन्हा केलं. गंज असलेल्या जागी पॉलिश पेपरचा बारीक तुकडा पेन्सिलीच्या मागच्या रबराला चिकटवून घासलं, म्हणजे शेजारचा चांगला रंग वाचतो. खाचेत उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक अ‍ॅसिडवालं रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे गंज मारायचं द्रावण, मग पाण्याने पुसून पूर्ण कोरडं. त्यानंतर मेडिकलमधलं आयसोप्रोपिल अल्कोहोल. पॉलिशचा किंवा सिलिकॉनचा अंश राहिला तर रंग मध्येच फाकतो आणि माशाच्या डोळ्यासारखं भोक पडतं. मग उघड्या पत्र्यावर प्रायमर, आणि त्यावर रंग.

आणि ब्रशच्या जागी उदबत्तीची काडी. आधी टूथपिक वापरली, पण दोन-तीन वेळा बुडवली की तिचं टोक फिसकारतं. देवघरातल्या विझलेल्या उदबत्तीची बांबूची काडी ब्लेडने तासली की सुईसारखं टोक येतं आणि थिनरमध्येही ताठ राहतं. टोकावर थेंब घ्यायचा, टवक्याच्या मध्यावर नुसता टेकवायचा. थेंब स्वतःच कडेपर्यंत पसरतो आणि कडेला थांबतो. हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा बायकोला हाक मारून दाखवलं.

घाई मात्र करायची नाही. आज काठोकाठ भरलेला थेंब उद्या खोलगट झालेला असतो, कारण त्यातलं थिनर उडून जातं. मला चार ते पाच थर लागले, प्रत्येकात तासाभराचं अंतर ठेवून. बाटली दर वेळी दोन मिनिटं हलवायची, मेटॅलिकची चमक तळाला बसते. उन्हात हे काम नको. वरची साय आधी धरते आणि आत बुडबुडे अडकतात.

क्लिअर कोटनंतर दोन आठवडे थांबलो, मग 2000 नंबरचा पॉलिश पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून उंचवटा सपाट केला आणि कंपाउंडने चमक आणली. अगदी कडेवर मात्र पेपर चालवू नका. तिथे रंग मुळातच पातळ असतो. माझा एका जागी खालचा प्रायमर दिसायला लागला आणि ते काम पुन्हा सुरुवातीपासून करावं लागलं.

रंग जुळतो का? गाडीच्या रंगाचा कोड बरोबर दिला असेल तर जुळतो. तरी मेटॅलिकमध्ये एका कोनातून ठिपका जरा गडद दिसतो, कारण स्प्रेने चमक जशी पसरते तशी काडीने पसरत नाही. साध्या पांढऱ्या गाडीला ही अडचण येणार नाही. बंपरचे टवके मी शेवटी ठेवले, प्लॅस्टिक गंजत नाही.

जानेवारीत मुंबईला जाताना कसारा घाटात दोन नवे टवके पडले. परत आल्यावर एका शनिवारी उरकले. आज एप्रिलमध्ये ते कुठे होते हे मलाही टॉर्चशिवाय सापडत नाहीत. दसऱ्याचे ते दोन गंजलेले टवकेही अजून स्वच्छ आहेत. प्रायमर, कन्व्हर्टर, पेपर धरून एकूण खर्च 1,400 च्या आत. रंगाची बाटली अजून अर्धी आहे. दर वेळी बाटलीचे आटे थिनरच्या चिंधीने पुसतो, नाहीतर झाकण चिकटून बसतं.

छताच्या पुढच्या कडेचे तीन टवके राहिलेत. त्यातल्या एकाचं बुड चकाकतंय. मे संपायच्या आत तो तरी भरायचा आहे, काड्या तासून ठेवल्यात.