गोणी ५३ ग्रेडची, आतला माल भलताच

गावी, कराडजवळ, घराचं काम काढलं होतं. ठेकेदार ओळखीतला. "कॉलम-स्लॅबला ५३ ग्रेडचं सिमेंटच घालू, दादा," म्हणाला आणि गोणीमागे वीस रुपये जास्त लावले. पक्कं बिल मागितलं तर "जीएसटीचा भुर्दंड कशाला?" मीही गप्प बसलो. पैसे वाचतायत ना!

माल रात्री आला. ताडपत्रीखाली साठ गोण्या. सकाळी कॉलम भरायला घेतले, चौदा गोण्या संपल्या, तेव्हा गवंडीमामांनी एक गोणी उलटी करून दाखवली. कंपनीत सिमेंट कोपऱ्यातल्या तोंडातून भरतात, टोकाची शिवण मशीनची, सरळ असते. इथे एका टोकाला जाड दोरा, वाकडेतिकडे टाके आणि शेजारी जुन्या टाक्यांची रिकामी भोकं. छापलेला आठवडा मात्र अगदी ताजा. म्हणजे गोणी ताजी, माल शिळा.

हात घातला तर गुठळ्या. थप्पीच्या दाबाने झालेली गुठळी चिमटीत भुगा होते, या फुटेनात. किराणा दुकानाच्या काट्यावर चढवली तर पन्नासऐवजी ४५ किलो.

कुणी म्हणालं, पीपीसी, म्हणजे फ्लायॲश (कोळशाची राख) मिसळलेलं सिमेंट, भरलं असेल. तसं असतं तर निदान भावातच गंडलो असतो. पीपीसी वाईट नसतं, पाया, प्लास्टर, स्लॅब सगळ्याला चालतं. ताकद सावकाश धरतं, म्हणून सेंट्रिंग काढायची घाई नको आणि पाणी निदान दहा दिवस मारायचं. पण हे ओल लागलेलं होतं. लॅबमध्ये २८ दिवसांनी ताकद ५३ मेगापास्कल यायला हवी होती (५३ ग्रेड म्हणजे तेच), आली २४. चौदा गोण्यांचे कॉलम फोडले. ब्रेकरचा आवाज ऐकवेना, आई देवघरात जाऊन बसली.

ठेकेदार फोन उचलत नाही. दुकानदार म्हणतो, बिल दाखवा.

ट्रक समोर उतरवून घ्या, दोन-चार गोण्या तिथेच वजन करा, तीन महिन्यांपेक्षा जुना माल परत पाठवा. आणि रिकाम्या गोण्या भंगारात देताना फाडून द्या. अखंड गोणी पुन्हा कुणाच्या तरी दारात भरून येते.

उरलेल्या गोण्या पावसात दगड झाल्या. गोठ्यासमोर पायरी म्हणून टाकल्यात. वरच्या गोणीवर '५३ ग्रेड' अजून स्वच्छ वाचता येतं.