आयईएलटीएस स्पीकिंगसाठी मोबाइलचा साधा व्हॉइस रेकॉर्डर: काही महिन्यांच्या वापरानंतर

आयईएलटीएस ही इंग्रजी किती येतं ते तपासणारी परीक्षा, स्पीकिंग म्हणजे तिची तोंडी परीक्षा. तिच्या सरावासाठी रेकॉर्डरचा खर्च शून्य, फोनमध्ये आधीपासूनच असतो, आणि पैसे भरून मॉक टेस्ट देण्याआधी हाच वापरावा. मात्र कशासाठी वापरायचा हे ठरवलं नाही तर नुसत्या फायली साठत जातात.

त्याचा खरा उपयोग तोंडी परीक्षेच्या दुसऱ्या भागासाठी. विषय लिहिलेलं कार्ड मिळतं, तयारीला 1 मिनिट, मग 1 ते 2 मिनिटं सलग बोलायचं. घरी टायमर लावून हे हुबेहूब करता येतं. त्या मिनिटात वाक्यं लिहीत बसू नका. पाच-सहा शब्द पुरे, आणि कोपऱ्यात काळ: गोष्ट घडून गेलेली की रोजची. 2 मिनिटांनी परीक्षक थांबवतो, त्याचे गुण जात नाहीत. पाऊण मिनिटात गप्प झालात तर फ्लुएन्सीला, म्हणजे न अडखळता बोलण्याच्या गुणांना, फटका बसतो.

रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी ऐका. लगेच ऐकलं तर काय म्हणायचं होतं तेच डोक्यात घोळत असतं, चूक कानाला लागतच नाही. पहिल्या फेरीत फक्त क्रियापदं, दुसरीत 'अ', 'द' आणि प्रेपोझिशन्स. मराठी माणसाकडे हमखास सापडतं ते हे: 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स.' 'पाच वर्षांपासून काम करतोय' हा आपला वर्तमानकाळ जसाच्या तसा तिकडे जातो. हवं 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स'. सिन्स लागतं ते सुरुवात सांगताना: सिन्स 2019. गाळलेल्या जागा भरताना हीच मंडळी चुकत नाहीत, बोलताना चुकतात. म्हणून व्याकरणाची वही आपल्याच रेकॉर्डिंगमधून करावी: चुकलेलं वाक्य, दुरुस्त वाक्य, त्याच धर्तीची तीन नवी वाक्यं मोठ्याने. आठवड्याने तेच कार्ड पुन्हा. तसंही व्याकरणाचा वाटा गुण देण्याच्या चार निकषांपैकी एकाचाच, म्हणजे पाव.

व्हॉइस टायपिंगवर मात्र विसंबू नका. 'अं... अं...' ते बऱ्याचदा गाळून टाकतं आणि संदर्भावरून शब्द जुळवून घेतं. व्ही आणि डब्ल्यू दोन्हींचा आपण 'व' करतो, तरी पडद्यावर स्पेलिंग बरोबर उमटतं आणि उच्चार जमल्यासारखा वाटतो. व्हीला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, डब्ल्यूला ओठ गोल होतात, दात लागत नाहीत. आरशात बघून करा. मराठी वळणाच्या उच्चाराची भीती नको, समजलं म्हणजे झालं.

पंखा बंद ठेवा, नाहीतर शब्दाच्या शेवटचा 'स' ऐकू येत नाही आणि अनेकवचनाच्या चुका निसटतात.

तिसऱ्या भागाला रेकॉर्डर कुचकामी. तिथे उत्तरातूनच पुढचा प्रश्न निघतो, त्यामुळे समोर माणूस हवा. 'का?', 'सगळ्यांच्या बाबतीत?' असं टोकत राहणारा कोणीही चालेल, त्याचं इंग्रजी बेताचं असलं तरी. प्रश्न कळला नाही तर 'कुड यू रिफ्रेज दॅट, प्लीज?' म्हणायची सवयही त्याच्यासमोरच लागते.