गल्लीतल्या कुत्र्यांचं नेटवर्क काढायला एस्नाइप वापरलं, त्याचा अनुभव

आमच्या गल्लीत ११ कुत्री आहेत. दोन महिने रोज सकाळ-संध्याकाळ फेरी मारून मी वहीत लिहीत होतो की कोण कुठे आणि कोणाबरोबर बसलंय, १० पावलांच्या आत असली की एक घोळका धरायचा असा माझा नियम होता. यातून कोणाची कोणाशी खरंच जोडी आहे ते काढायचं होतं म्हणून एस्नाइप घेतलं. आर (R) या आकडेवारीच्या प्रोग्रॅमिंग भाषेतलं पॅकेज आहे (asnipe), क्रॅनवर, म्हणजे आरच्या पॅकेजांच्या अधिकृत साठ्यावर, फुकट मिळतं, डेमियन फरीन यांनी केलंय, २०१३ मध्ये त्यावर पेपर आला. ऑक्सफर्डजवळच्या वाइथमच्या जंगलात ग्रेट टिट पक्ष्यांच्या पायात चिप असलेली कडी घालतात, दाण्याच्या फीडरला अँटेना असतो, पक्षी आला की वेळेसकट नोंद होते, आणि नुसत्या त्या वेळांवरून थवे वेगळे काढायचं फंक्शनपण यात आहे. माझ्याकडे वहीच होती त्यामुळे ते लागलं नाही.

डेटा द्यायची पद्धत एकदम सरळ. प्रत्येक घोळक्याची एक ओळ, प्रत्येक कुत्र्याचा एक कॉलम, असेल तर १ नसेल तर ०. मग एका फंक्शनमध्ये सगळ्या जोड्यांचे आकडे येतात. काळ्या आणि राणी १२ वेळा एकत्र दिसले, राणीशिवाय काळ्या ६ वेळा, काळ्याशिवाय राणी २ वेळा, म्हणजे २० पैकी १२, ०.६. हा झाला सिंपल रेशो इंडेक्स. हाफ वेट इंडेक्स निवडला तर एकमेकांशिवाय दिसल्याच्या वेळा निम्म्याच धरतात, म्हणजे १६ पैकी १२, तेच ०.७५ होतं, त्यामुळे कुठला वापरला ते लिहून ठेवाच नाहीतर दुसऱ्याच्या आकड्यांशी तुलना करताना घोळ होतो.

पण मी हे पॅकेज मनापासून सुचवतोय ते पुढच्या भागासाठी. चहाच्या टपरीवर सकाळी बिस्किटं मिळतात म्हणून पाच-सहा कुत्री तिथे जमतात, नेटवर्कच्या चित्रात ती सगळी जिवलग मित्र दिसतात, आणि मी आठवडाभर तसंच समजून चाललो होतो. एस्नाइप काय करतं, दोन घोळक्यांमधली दोन कुत्री आपसात बदलतं, असं हजार वेळा, पण घोळक्याचा आकार आणि प्रत्येक कुत्रं एकूण किती वेळा दिसलं ते तेवढंच ठेवतं. मग जोडीचा खरा आकडा या योगायोगाच्या आकड्यांपेक्षा जास्त आहे का ते बघायचं. वर अशी अट घालता येते की अदलाबदल फक्त त्याच ठिकाणी आणि त्याच दिवशी करायची. ही अट घातली आणि टपरीवरची मैत्री जवळपास सगळी गळून पडली, ती बिस्किटांची गर्दी होती हो! काळ्या-राणी मात्र टिकले. ते दोघं देवळामागे, कचराकुंडीपाशी, सगळीकडे बरोबर असतात. मला फार बरं वाटलं ते बघून.

आता अडचणी. एका वेळी एकच अदलाबदल होते म्हणून डेटा मोठा असेल तर हजार पुरत नाहीत, वाढवत जा आणि उत्तर स्थिर होतंय का बघा. प्रत्येक वेळचं पूर्ण मॅट्रिक्स, म्हणजे सगळ्या जोड्यांच्या आकड्यांचा तक्ता, मेमरीत साठतं, ११ कुत्र्यांना काहीच नाही पण १००० प्राणी असतील तर हजार मॅट्रिक्सचे ८ जीबी होतात. दोन टोळ्यांना जोडणारं कुत्रं कुठलं हे काढायला आणि चित्र काढायला आयग्राफ हे दुसरं पॅकेज वेगळं घ्यावं लागतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, माद्यांना जास्त सोबती असतात का असले रिग्रेशनचे (एका गोष्टीचा दुसरीशी संबंध आहे का हे तपासायचे) प्रश्न नुसत्या या अदलाबदलीवर सोडवू नका. २०२१ मध्ये वाइस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की त्यात खोटे निष्कर्ष जास्त येतात. नंतर फरीन यांनीच जेराल्ड कार्टर यांच्याबरोबर दुहेरी अदलाबदलीचा (आधी घोळक्यांमधली अदलाबदल करून प्रत्येक प्राण्याचा आकडा सुधारायचा, मग ते आकडे प्राण्यांमध्ये फिरवून तपासायचं) उपाय मांडला. जुने ट्युटोरियल बघून शिकणाऱ्यांनी हे आधी वाचा, मला उशिरा कळलं आणि अर्धं काम परत करावं लागलं.

आर थोडं तरी येत असेल तरच घ्या. माझ्याकडून ५ पैकी ४. राणी आता गाभण आहे, पिल्लं झाली की त्यांचे कॉलम वाढवून परत चालवणार आहे.