गच्चीतला उन्हाचा कोपरा: गुलाब लावावा की मोगरा?

नागपुरात फुलझाडं घ्यायची ती बहुधा डिसेंबरात घेतली जातात, आणि तिथेच गडबड होते. हवेत गारवा असतो, नर्सरीत कलमी गुलाब ओळीनं मांडलेले असतात, प्रत्येक पिशवीत एक तरी मोठं टवटवीत फूल. शेणखताचं पोतं घ्यायला गेलेला माणूस चार गुलाब घेऊन परततो. मोगऱ्याच्या तेव्हा नुसत्या काड्या असतात, त्याच्याकडे कोण बघतं? ज्यांच्या गच्चीत पाच-सहा तास ऊन येणारा एकच कोपरा आहे आणि आठ-दहा गमल्यांपलीकडे जागा नाही, त्यांनी निवड करताना मे महिना डोळ्यांसमोर ठेवावा.

२३ मे २०१३ ला इथं ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं. ४४-४५ ची तर आपल्याला सवयच आहे, आणि २५ तारखेपासून नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत कडक मानले जाणारे नऊ दिवस. तापलेल्या स्लॅबवरच्या गमल्यात मुळं खालून आणि बाजूंनी भाजतात. या दिवसांत गुलाब फक्त जगवायचा असतो. हिरवी जाळी बांधा, गमल्यांखाली विटा ठेवा, मातीवर पालापाचोळा पसरा, दोन्ही वेळ पाणी द्या. एवढं करून येणारं फूल लहान, फिकं आणि कडेनं करपलेलं. कळ्या दिसताच खुडलेल्या बऱ्या, झाडाची शक्ती तरी वाचते. फुलकिडे आणि लाल कोळीही याच काळात जोर करतात. कूलरच्या टाकीतलं उरलंसुरलं पाणी मात्र गुलाबाला घालू नका. वाफ होऊन गेल्यावर क्षार मागेच राहतात आणि गमल्यात साचत जातात.

मोगऱ्याला हेच ऊन मानवतं. मार्चपासून कळ्या धरतात, एप्रिल-मे म्हणजे भर. गमल्यात त्यालाही रोज पाणी लागतंच, पण त्या पाण्याचा मोबदला तो रोज संध्याकाळी चुकता करतो. पाचच्या सुमारास पांढऱ्या टपोऱ्या कळ्या खुडायच्या, वाटीत ठेवून वाटी कूलरच्या वाऱ्यात ठेवायची, दोन-चार माठात टाकायच्या. रात्री लाइट गेली तरी खोलीत मोगरा कुठे ठेवलाय ते अंधारात कळतं. हे सुख मला तरी गुलाबानं कधी दिलेलं नाही.

तरी गुलाबाची बाजू कमजोर नाही. ऑक्टोबरच्या मध्यावर पाऊस पुरता ओसरल्यावर छाटणी करायची, बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या (फांदीवरच्या फुटव्याच्या कोंबाच्या) वर तिरका काप द्यायचा, कापावर बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा बुरशीनाशक लेप, लावायची. साधारण सहा-सात आठवड्यांत पहिला बहर येतो आणि फेब्रुवारीपर्यंत एकामागून एक फुलं चालू राहतात. रोज सकाळी चहाचा कप घेऊन कोणती कळी किती उघडली हे बघायला जाण्याचा नाद लागतो, आणि तो सुटत नाही. एक लाल झाला की पिवळा हवासा वाटतो, मग दोन रंगांचा. मोगऱ्यात हा मोह नाही. पांढरा तो पांढराच. पण नर्सरीत गुलाब निवडताना आधी नाक खाली न्या. मोठ्या, देखण्या फुलांच्या बऱ्याच जातींना वास जेमतेम असतो. कलमाच्या सांध्याखालून जोमदार फुटवा आला तर आनंदून जाऊ नका. तो खालच्या जंगली खुंटाचा असतो, मुळापासून काढावा लागतो, नाहीतर वरचा गुलाब हळूहळू संपतो. थंडीत कोवळ्या पानांवर भुरी, म्हणजे पांढऱ्या पिठासारखी बुरशी, येते, तिच्यावर लक्ष ठेवावं लागतं.

मोगऱ्याची देखभाल सोपी, पण एक गोष्ट मन घट्ट करून करावी लागते. डिसेंबरात पाणी तोडायचं, म्हणजे संत्र्याच्या बागेला देतात तसा ताण द्यायचा. मग जानेवारीत छाटून खत घालायचं आणि पाणी पुन्हा सुरू करायचं. जीव कळवळून ज्यांनी थंडीभर पाणी घातलं, त्यांच्या मोगऱ्याला पानंच पानं. युरियाची मूठ टाकली तरी तेच. कळ्या जांभळट दिसू लागल्या तर आत अळी आहे, त्या तोडून नष्ट करा.

खर्चाचं म्हणाल तर कलमी गुलाब विकतच घ्यावा लागतो. मोगऱ्याची एक फांदी पावसाळ्यात शेजारणीच्या अंगणात मातीत दाबून ठेवली की दिवाळीपर्यंत रोप तयार. आपली काळी माती गमल्यात दोघांनाही नुसती चालत नाही. पाणी धरून बसते, उन्हाळ्यात दगड होते. निम्मं तरी शेणखत आणि रेती मिसळाच. आणि झाडं गच्चीऐवजी कंपाउंडच्या भिंतीलगत असतील, तर पहाटे पूजेच्या नावाखाली फुलं खुडणारी मंडळी गुलाब-मोगरा असा भेद करत नाहीत.

भाड्याच्या घरात असाल आणि पुढच्या उन्हाळ्याचा भरवसा नसेल, तर दोन्ही सोडा. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेटुनिया, फ्लॉक्स, डायन्थसचं बी टाका, मार्चपर्यंत रंग बघा, गमले रिकामे करा.

मे महिनाभर मुलांकडे पुण्याला जाणारे आजी-आजोबा असाल तर मोगऱ्याची फुलं शेजारीच हुंगतील. तुम्हाला गुलाब बरा, पण रोज दोनदा पाणी घालणारं खात्रीचं माणूस असेल तरच. फुलदाणीत फूल हवं असणाऱ्यांनाही गुलाबच. मोगरा एका रात्रीचा. उन्हाळा इथेच कूलरसमोर काढणाऱ्यांनी मात्र आठातले सहा गमले मोगऱ्याला द्यावेत आणि दोन गुलाबाला, त्यातला एक गावठी गुलाबी. त्याच्या पाकळ्या लवकर गळतात, पण वास असतो, गुलकंद होतो, आणि तो स्वतःच्या मुळांवर वाढत असल्यानं जंगली फुटव्याची कटकट नाही. मोगरा जुलैत लावा. गुलाबासाठी ऑक्टोबर उजाडेपर्यंत थांबा, आणि नर्सरीत जाताना खिशात दोनच रोपांचे पैसे ठेवा.